१९५२ ची शेवरोलेट ३१०० पिकअप: आधी सगळी उघडू की आधी चालू करू?

अर्धवट_गॅरेज
मंडळी नमस्कार, बरीच वर्षं इथे नुसता वाचत बसलोय, आज पहिल्यांदा स्वतःचा धागा काढतोय कारण अखेर गाढवपणा केलाच. ५२ सालची शेवरोलेट ३१०० घेतली. शेडमध्ये किती वर्षं उभी होती ते विकणाऱ्यालाही नीट सांगता येईना. इंजिन ओरिजिनल २१६ (घनइंच, सहा सिलिंडर), तीन गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंगवरच. इंजिन जाम आहे की नाही माहीत नाही, हँडल लावून बघितलं नाही कारण भीती वाटली. केबिनचे मागचे खालचे कोपरे म्हणजे नुसता रंग उरलाय, आत पत्रा नाहीच, बोट आरपार जातं. फूटबोर्ड दोन्ही गेलेत. हौद्याच्या लाकडी फळ्या कुजल्यात पण त्या बदलायच्याच होत्या. मडगार्ड आश्चर्यकारकरीत्या चांगले आहेत.

माझा प्लॅन असा की सगळी गाडी उघडायची, चासी मोकळी करायची, ब्लास्टिंग करून रंगवायची आणि मग एकेक वस्तू नव्यासारखी करून परत चढवायची, दोन वर्षांत होईल असं वाटतंय. मी पेशाने कागद हलवणारा माणूस, हत्यारं बऱ्यापैकी आहेत, वेल्डिंग येत नाही पण शिकायची इच्छा आहे. काय म्हणता?

सहा_सिलिंडर
अभिनंदन. आणि नको.

सविस्तर सांगतो. अशा किती गाड्या मी बघितल्यात ज्या एका उत्साही माणसाने नटबोल्टापर्यंत सुट्या केल्या आणि चार वर्षांनी दुसऱ्या माणसाने खोक्यांत भरून विकत घेतल्या, आणि त्या दुसऱ्याला कळतच नाही की हा ब्रॅकेट कुठला आणि हे तीन वॉशर कशाखाली होते. गाडी उघडायला दोन शनिवार-रविवार लागतात. जोडायला जे लागतं ते आपल्या आयुष्यातून वजा होतं. तुमचा पत्रा जर फक्त कोपऱ्यांत आणि फूटबोर्डात गेला असेल तर चासी मोकळी करायची गरजच काय? आधी ब्रेक, मग इंजिन, मग वायरिंग, आणि पत्रा सगळ्यात शेवटी, आणि मधल्या काळात गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली पाहिजे.

हँडल लावायची भीती वाटली हे मात्र उत्तम झालं. सहाही प्लग काढा, प्रत्येक भोकात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं मिसळून दोन-तीन चमचे ओता, आठवडाभर विसरून जा. (अ‍ॅसिटोन पेट घेतं, शेडमध्ये हिटर किंवा विडी नको.) मग परत थोडं ओता. मग हाताने, हळू. जाम इंजिनावर ताकद लावणारा माणूस रिंगा मोडतो.

व्ही८_भक्त
काका दरवेळी हेच सांगतात 😄 माझं मत: २१६ काढून टाका. इतकी मेहनत करून शेवटी ९२ हॉर्सपॉवर? आणि कॉनरॉडची (दट्ट्याला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याची) बेअरिंग ओतीव बॅबिटची, म्हणजे मऊ मिश्रधातूची, आजकालच्या सुट्या शेलसारखी काढली घातली असं नाही. व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन) आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टाका, हायवेला मजा येईल.

सहा_सिलिंडर
टाका की, पण पूर्ण हिशोब सांगा ना मग. या गाडीला उघडा प्रोपेलर शाफ्ट नाही, तो नळीत बंद आहे आणि मागच्या चाकांचा सगळा रेटा त्या नळीतून गिअरबॉक्सच्या माउंटिंगवर येतो. नवा गिअरबॉक्स लावला की ती नळी गेली, नळी गेली की मागचा अ‍ॅक्सल बदलला, अ‍ॅक्सल बदलला की पाटे आणि शॉकअपची जागा बघा, मग ब्रेक, मग रेडिएटर, मग स्टिअरिंग. म्हणजे गाडीतलं गाडीपण फक्त केबिनपुरतं राहिलं. ज्याला तसं हवं त्याने जरूर करावं, मी नाक मुरडत नाही, पण तो वेगळा प्रोजेक्ट आहे.

फक्त_ओरिजिनल
+१. आणि घाई असेल तर २३५ चं इंजिन आहेच की, त्याच घराण्यातलं. ट्रकमध्ये ५४ पासून जे आलं त्यात पूर्ण प्रेशरने ऑइल फिरतं.

अर्धवट_गॅरेज
बापरे, एका दिवसात इतकं. बरं, सध्या इंजिन तेच ठेवतो. प्लग काढले, औषध ओतलं. चार नंबरचा प्लग निघताना असा काही आवाज आला की मी पाच मिनिटं बाहेर जाऊन उभा राहिलो, पण तो फक्त गंज होता, प्लग अख्खा आला.

वायर_वाली
एक आगाऊ सूचना, कारण पुढे सगळे इंजिनात गुंततील आणि हे राहून जाईल. जुने ब्रेक ड्रम उघडाल तेव्हा आतली काळी धूळ हवेने फुंकायची नाही, तोंडाने नाही आणि कंप्रेसरने तर अजिबात नाही. त्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. पाणी मारून ओलं करा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बंद. तसंच जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असण्याची शक्यता भरपूर. घरात लहान मुलं असतील तर ते कपडे शेडमध्येच राहू देत.

पत्रा_आणि_टाका
ताईंशी पूर्ण सहमत, आणि माझी एक भर. ब्रेक क्लीनरचे जे डबे मिळतात त्यातले काही क्लोरीनवाले असतात. त्याने पत्रा पुसून लगेच वेल्डिंग मारलं तर फॉस्जीन तयार होतो, हा वायू पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलाय, गंमत नाही. वेल्डिंगआधी फक्त अ‍ॅसिटोन, आणि तेही पूर्ण सुकू द्या.

अर्धवट_गॅरेज (तीन आठवड्यांनी)
इंजिन फिरलं!!! हँडलने, एका हाताने, आधी अर्धा इंच आणि मग चक्क पूर्ण. मी एकटाच होतो शेडमध्ये आणि ओरडलो, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

आता कबुलीजबाब. तुम्ही सांगितलं होतं उघडू नका. मी फक्त पुढचा भाग उघडला, म्हणजे बॉनेट, दोन्ही मडगार्ड, ग्रिल, रेडिएटरचा आधार. आणि केबिनचे माउंट सैल केले कारण त्यांचे रबर बदलायचे होते. फोटो काढलेत, पिशव्यांवर नावं लिहिलीत. पण एका माउंटखालून काही पातळ पत्र्याच्या चकत्या खाली पडल्या, किती आणि कुठल्या बाजूच्या ते आता कळत नाहीये.

सहा_सिलिंडर
🙂 त्या शिम आहेत. त्यांनीच दारं बरोबर लागतात. ठेवा डब्यात, पुढे त्यांचीच आठवण येणार आहे.

इंजिनाचं आधी ऐका. सुरू करायची घाई नको. ऑइल पॅन खाली उतरवा. २१६ मध्ये ऑइलचं गणित वेगळं आहे. पंपाचं प्रेशर मेन बेअरिंगला जातं, पण कॉनरॉडला नाही. पॅनमध्ये प्रत्येक सिलिंडरखाली एक छोटा हौद आहे आणि रॉडच्या टोपीला खाली एक चमचा. दट्ट्या खाली आला की चमचा हौदातलं ऑइल उचलतो, आणि वेग वाढला की पॅनमधल्या नळ्यांतून ऑइलची धार नेमकी त्या चमच्यावर मारली जाते. आता विचार करा, इतकी वर्षं उभ्या गाडीत त्या हौदांत काय असेल. माझ्या गाडीच्या पॅनमध्ये तर अक्षरशः काळा चिखल होता, बोटाने उचलला तर तसाच उभा राहायचा. त्यावर नवं डिटर्जंट ऑइल ओतून सुरू केलं असतं तर तो सगळा गाळ सुटून नळ्यांत बसला असता आणि रॉड कोरडे चालले असते.

पॅन धुवा, नळ्या मोकळ्या करा, पण त्यांची दिशा वाकवू नका. मग आजचं साधं मल्टिग्रेड ऑइल बिनधास्त टाका.

निवांत_वाचक
मी गाडी दुरुस्त करत नाही पण हा चमच्याचा प्रकार वाचून जाम मजा आली. म्हणजे विहिरीवरच्या रहाटासारखंच की.

सहा_सिलिंडर
अगदी तसंच.

अर्धवट_गॅरेज (पुढच्या महिन्यात)
पॅन उतरवला. चिखल होता, काका. त्यात एक मेलेला भुंगा पण होता, आत कसा गेला देवाला ठाऊक. धुतला, नळ्यांतून तार घातली, सहाही मोकळ्या. नवा गॅस्केट. पेट्रोलच्या टाकीला मात्र आत घाण आणि वास इतका की डोळ्यांतून पाणी. आणि ही टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे आहे हे मला घेताना कळलंच नव्हतं!! म्हणजे माणूस पेट्रोलला टेकून बसतो?

फक्त_ओरिजिनल
हो, ४९ पासून तशीच आहे. म्हणून फिलरचा रबरी पाइप आणि टाकीवरची गॅस्केटं नवीनच टाका, तिथे काटकसर नको. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतोय आणि "जुनी गाडी आहे, येणारच" असं म्हणणारे लोक मला समजत नाहीत.

पत्रा_आणि_टाका
टाकीला भोक असेल तर स्वतः वेल्डिंग करायचं नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, आत वाफ असते. ज्याचं ते रोजचं काम आहे त्याच्याकडे द्या किंवा नवी घ्या.

आतला गंज काढायला किंवा बाकीचे छोटे पार्ट साफ करायला इलेक्ट्रोलिसिस करून बघा, मला तर व्यसनच लागलंय. प्लॅस्टिकचा टब, पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह गंजलेल्या पार्टला आणि पॉझिटिव्ह टाकाऊ लोखंडाच्या पट्टीला. रात्रभर ठेवा, सकाळी गंज काळा भुसभुशीत होऊन ब्रशने निघतो, चांगलं लोखंड खाल्लं जात नाही. दोन गोष्टी: पट्टी स्टेनलेसची वापरायची नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि बुडबुडे म्हणजे हायड्रोजन, तेव्हा मोकळ्या हवेत.

अर्धवट_गॅरेज (दीड महिन्याने)
ब्रेक झाले. चारही चाकांचे सिलिंडर नवे, होज नवे, लोखंडी पाइप सगळे नवे. मास्टर सिलिंडर शोधायला एक तास गेला, शेवटी केबिनच्या जमिनीत झाकण सापडलं, त्याखाली. ऑइल पाहायला गालिचा उचलायचा, काय डोकं आहे. पेडल आता टणक आहे.

पण सेल्फ. सहा व्होल्टची नवी बॅटरी, फुल चार्ज, ॲक्सिलरेटरच्या शेजारचं सेल्फचं बटण पायाने दाबलं की इंजिन असं फिरतं जसं काही झोपेतून उठवलंय. घूंऽऽ... घूंऽऽ... आणि बंद. सेल्फ मोटर उघडून बघितली, कार्बन ब्रश नवे टाकले, बुश नवे. तेच. आता मला बारा व्होल्टवर जायचा मोह होतोय.

व्ही८_भक्त
जा! सहा व्होल्टमध्ये कुणी जगतं का.

वायर_वाली
थांबा जरा. आधी मला सांगा बॅटरीच्या केबल कुठल्या आहेत. फोटो टाका.

अर्धवट_गॅरेज
फोटो टाकलाय. लाल आणि काळी, नवीनच घेतल्या, जाड आहेत की.

वायर_वाली
सापडलं. या बारा व्होल्टच्या गाडीच्या केबल आहेत. तेवढीच ताकद सहा व्होल्टवर हवी तर करंट दुप्पट लागतो, आणि त्याच केबलमध्ये दुप्पट करंट म्हणजे व्होल्टेजची गळतीही दुप्पट, आणि तुमच्याकडे मुळात असतातच सहा. म्हणजे टक्केवारीने बघितलं तर चौपट नुकसान. सहा व्होल्टला अंगठ्याएवढी जाड केबल लागते, २/० गेजची घ्या. अर्थिंगची केबल जिथे लागते तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसला पाहिजे. आणि इंजिनापासून चासीपर्यंत वेगळी अर्थिंगची पट्टी आहे का बघा, इंजिन रबरावर बसलेलं असतं, पट्टी नसेल तर करंट बिचारा ॲक्सिलरेटरच्या तारेतून वाट शोधतो.

मोजून बघायचं असेल तर मीटर व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावर), दुसरं सेल्फच्या बोल्टवर, आणि कुणाला तरी सेल्फ दाबायला सांगा. जे दिसेल ते केबलने खाल्लं.

बारा व्होल्टवर गेलात तर बल्ब, हीटरची मोटर, मीटर, कॉइल सगळ्याचा विचार करा. सहा व्होल्ट वाईट नाही, त्याला फक्त स्वच्छता आवडते.

अर्धवट_गॅरेज
१.४ व्होल्ट केबलमध्येच. इंजिनाची पट्टी नव्हतीच.

अर्धवट_गॅरेज (पुढच्या रविवारी)
ताई तुम्हाला साष्टांग नमस्कार. नवी केबल, नवी पट्टी, आणि दोन सेकंदांत सुरू. सु रू. मी कार्ब्युरेटरमध्ये एक चमचा पेट्रोल ओतलं होतं, ते संपल्यावर बंद पडेल असं वाटलं पण पंपाने पेट्रोल खेचलं आणि चालूच राहिली. धूर इतका की शेजारी बघायला आले. वीस मिनिटं चालवली.

आता नवीन भीती. ऑइल प्रेशरचा काटा. थंड असताना १५ पीएसआय, गरम झाल्यावर आयडलला ५ च्या खाली. माझ्या रोजच्या गाडीत हे दिसलं तर टो करून नेली असती. बंद केली लगेच.

सहा_सिलिंडर
मीटरची शेवटची खूण बघा, किती आहे? ३०. आजच्या गाडीची नजर लावू नका. २१६ ला गरम इंजिनावर चालत्या वेगात १४-१५ च्या आसपास म्हणजे तब्येत ठणठणीत, आयडलला काटा जवळजवळ झोपतो. रॉडला ऑइल चमच्याने जातंय हे विसरलात का? काटा तुम्हाला रॉडबद्दल काहीच सांगत नाही. रॉडचं ऐकायचं असेल तर कान लावा: अ‍ॅक्सिलरेटर सोडताना टक-टक येते का?

अर्धवट_गॅरेज
नाही. टॅपेटची शिवणयंत्रासारखी टिकटिक आहे फक्त.

सहा_सिलिंडर
मग झोपा शांत. आणि ही गाडी ताणून पळवायची नाही. मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर रेशो ४.११ आहे, ७०-७५ किमीला ती सुखात असते, त्यापुढे रॉडचे चमचे तुमच्या वतीने प्रार्थना करत असतात.

वायर_वाली
डायनामो चार्ज करतोय का? अँपमीटर बघा. वायरी काढल्या होत्या ना, मग पोलराइज करावा लागतो, म्हणजे त्याला प्लस-मायनसची दिशा परत द्यावी लागते. इंजिन बंद ठेवून रेग्युलेटरच्या बॅट आणि जेन या दोन टर्मिनलना एक वायर क्षणभर टेकवायची, छोटी ठिणगी, झालं.

अर्धवट_गॅरेज
केलं. काटा प्लसला गेला. जादू.

अर्धवट_गॅरेज (पाच महिन्यांनी)
खूप दिवस गायब होतो, कारण वेल्डिंग. जुन्या टाकाऊ पत्र्यावर दोन महिने सराव केला. पहिले टाके बघून मुलगी म्हणाली, बाबा हे च्युइंगम आहे का. मग कोपरे कापायला घेतले.

पत्रा_आणि_टाका
कापायच्या आधी केबिनमध्ये आडव्या-तिरक्या पट्ट्या वेल्ड केल्या होत्या ना? दाराच्या खांबांमध्ये?

अर्धवट_गॅरेज
केल्या होत्या! तुमच्या एका जुन्या धाग्यात वाचलं होतं. दारं लावूनच ठेवली, कोपरा एका वेळी एकच. ०.६ ची तार, पत्रा १.२ मिमी. एक टाका इथे, दुसरा टाका तिथून दहा इंच दूर, मग थंड होऊ द्यायचं. सलग लाइन मारायचा मोह फार होतो, एकदा मारली आणि पत्रा पापडासारखा फुगला, तो भाग कापून परत केला.

दोन्ही कोपरे झाले, घासले, वरून लांबीचा (पुट्टीचा) थर २-३ मिमीपेक्षा जाड कुठे नाही. मग माउंट घट्ट केले. आणि डावं दार लागेना. खाली टेकतंय, वर बोट जाईल इतकी फट. मला वाटलं वेल्डिंगने केबिन वाकडी केली, रडायचाच बाकी होतो.

सहा_सिलिंडर
डबा उघडा.

अर्धवट_गॅरेज
काका.

अर्धवट_गॅरेज
मागच्या डाव्या माउंटखाली दोन शिम. फट वरपासून खालपर्यंत सारखी. दार बोटाने ढकललं की "टक". मी ते दार किती वेळा उघडलं आणि लावलं ते सांगत नाही.

निवांत_वाचक
हा धागा मी घरात मोठ्याने वाचून दाखवतो. "डबा उघडा" आमच्याकडे आता म्हण झालीये.

फक्त_ओरिजिनल
रंगाचं काय?

अर्धवट_गॅरेज
एपॉक्सी प्रायमर मारून ठेवलाय, राखाडी. रंग स्वतः मारणार नाही. टू-के (दोन भाग मिसळून मारायच्या) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याला साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो, तो माझ्याकडे नाही. खरं सांगू, राखाडीच आवडायला लागलीये. हौद्याच्या फळ्या मात्र मी आणि मुलीने मिळून बसवल्या, मधल्या लोखंडी पट्ट्यांचे बोल्ट तिने आवळले, एक उलटा बसलाय, तो तसाच ठेवलाय.

व्ही८_भक्त
भारी झालीये हो. व्ही८ नसूनही 😄

अर्धवट_गॅरेज (काल)
काल पहिल्यांदा रस्त्यावर नेली. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी यंत्रणा) नाही हे विसरलो आणि वळणावर असा काही करकराट केला की रस्त्यावरच्या माणसाने कानावर हात ठेवले. पण चालली. ब्रेक सरळ लागतात. ६० च्या पुढे स्टिअरिंग थोडं डावीउजवीकडे हिंडतं, किंगपिन (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खिळी) बघायला हवेत, ग्रीस पहिल्यांदा भरला तेव्हा वरून निघालाच नव्हता.

आणि एक प्रश्न. येताना पाऊस लागला, चढ सुरू झाला, मी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि वायपर काचेच्या मधोमध थांबला. चढ संपला तसा सुरू झाला आपोआप. वायरिंग तर सगळं नवीन आहे??

वायर_वाली
त्या वायपरला वायरच नाहीये 😂 तो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. पूर्ण दाबलं की व्हॅक्यूम संपला.

अर्धवट_गॅरेज
मग चढावर पावसात काय करायचं?

सहा_सिलिंडर
पाय जरा उचलायचा, वायपर एकदा फिरू द्यायचा, रस्ता बघून घ्यायचा, परत दाबायचा.